नाजूक नाही

एरास्मो चिग्वायने टेपचं बटण दाबून वॉल्ट्झ मधेच तोडला, माइक जवळ ओढला आणि सुलेमाच्या डुकराबद्दल वाचायला सुरुवात केली.

"भूशिरावरच्या सुलेमा बार्रिया कळवतात, की त्यांचं काळं डुक्कर, डाव्या कानाला चीर असलेलं, कालपासून दिसत नाही. ज्याच्या बटाट्यात शिरलं असेल त्याने बांधून ठेवावं. खायला घालू नये, ते घरून खाऊनच निघालंय."

"उजव्या कानाला," खालच्या स्वयंपाकघरातून त्याची बायको ओर्तेन्सिया ओरडली.

एरास्मोने माइकवर तळवा ठेवला. "चिठ्ठीत डावा लिहिलाय."

"सुलेमा डावखुरी आहे. तिचा डावा म्हणजे उजवा."

त्याने दुरुस्ती वाचली. मग माइक बंद केला आणि मनात साठलेलं सगळं त्या डुकराच्या नावाने बोलून घेतलं. वॉल्ट्झ आता पहिल्यापासून लावावा लागणार होता आणि तो पुन्हा कुठल्यातरी कोंबडीपाशी तुटणार होता.

बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून उभी हयात काढल्यावर निवृत्तीत आपला एक छंद असावा, म्हणून त्याने हे रेडिओ केंद्र काढलं होतं. होडीच्या शेडवर एक लाकडी खोली, ट्रकची जुनी बॅटरी, आणि एका वॉटचं यंत्र. ओसरीतल्या दिव्यालासुद्धा याहून जास्त वीज लागते. पण पाण्यावरून आवाज लांब जातो, त्यामुळे केनावे बेटावर तो सगळीकडे ऐकू यायचा आणि खाडीपलीकडच्या कोयुम बेटावर वारा-पाऊस काहीही असो, स्वच्छ पोचायचा. त्याला उत्तम संगीत ऐकवायचं होतं. घरचं वायरिंग स्वतः कसं तपासावं, यावर त्याने एक मालिकाही तयार केली होती. "कुणाच्या घरात वायर आहे?" एवढंच ओर्तेन्सियाने विचारलं होतं. दोन्ही बेटांवर टेलिफोन नव्हता, तेव्हा लोकांना हवे होते फक्त निरोप. कुणाची होडी कधी निघणार, कुणाची गाय व्यायली, कुणी कुणाची कुऱ्हाड परत करायची. निरोप संपले की घराघरांतले रेडिओ बॅटरी वाचवण्यासाठी बंद व्हायचे आणि एरास्मो एकटाच वॉल्ट्झ ऐकत बसायचा.

जिना वाजला. जिला सगळे मानाने 'दोन्या' म्हणत त्या क्लोरिंदाची मुलगी एदिता वर आली. शाल भिजलेली, चेहरा वैतागलेला. ती बसलीच नाही.

"नोल्बेर्तोला निरोप द्यायचाय," ती म्हणाली. "कोयुमच्या नोल्बेर्तो मान्सियाला कळवण्यात येतं की आई नाजूक आहे. बस्स, एवढंच."

एरास्मो उठून उभा राहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीवर क्रूस केला.

"कधी?"

"काय कधी?"

"कधी गेली?"

"कुठे जातेय? घरी बटाटे सोलत बसलीय."

एरास्मोने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि धपकन खाली बसला.

केनावेत कुणी रेडिओवरून मरत नाही. ऐकणारा माणूस होडीत एकटा असू शकतो, हातात वल्हं असतं, खाली थंडगार पाणी असतं. तिथे त्याच्या कानात 'तुझा बाप मेला' असं ओतायचं नसतं. म्हणून म्हणायचं, नाजूक आहे. ऐकणारा समजतो, होडी वळवतो, घरी येऊन रडतो. खरोखर आजारी असलेल्या माणसासाठी दुसरा शब्द आहे, 'पडून आहे'. नाजूक म्हणजे संपलं. इथे कुणी ध चा मा करत नव्हतं; ध तसाच ठेवून सगळी बेटं आपापल्या मनात मा ऐकत होती. एरास्मोला या शब्दाची मनस्वी चीड होती. पॉझिटिव्हला निगेटिव्ह म्हणून चालत नाही, असं तो बोटीवर शिकला होता.

"जिवंत बाईचं मयत मी रेडिओवर सांगू?" तो म्हणाला.

"मी सांगून थकले, शेजारी. तुम्हीच या आणि तिला समजवा. माझं तोंड दुखायला लागलंय."

*

दोन्या क्लोरिंदा चुलीशेजारी बसली होती. मांडीवर टोपली, हातात सुरी. वय ऐंशीच्या पुढे, पण बटाट्याची साल एकाच लांब पट्टीत निघत होती. एरास्मोला बघून तिने सुरीनेच बाकाकडे खूण केली.

"वाचलास निरोप?"

"नाही. आणि वाचणार नाही."

"का? तुझा रेडिओ झिजतो?"

"तुम्ही मेलेल्या नाही आहात, दोन्या क्लोरिंदा."

"मी मेले म्हणून कुठे सांगायला सांगितलंय? नाजूक आहे म्हण. ह्या वयात मी काय दणकट आहे? खोटं काय आहे त्यात?"

एरास्मोने कपाळाला हात लावला. एदिता मागे उभी राहून माते या कडू पाल्याच्या चहासाठी पेल्यात गरम पाणी ओतत होती. तिने 'बघा' अशा अर्थी भुवया उंचावल्या.

"सगळं बेट ऐकेल," तो म्हणाला. "लोक रडत येतील. फिस्काल दोनातो चर्चची घंटा वाजवेल. उद्या खरंच कुणी गेलं तर रेडिओवर कोण विश्वास ठेवेल?"

"लोकांचं लोक बघतील. मला नोल्बेर्तो हवाय."

नोल्बेर्तो तिचा मुलगा. पंधराव्या वर्षी तो पातागोनियात मेंढ्या कातरायला गेला आणि पस्तिशीत परत आला. कोयुमवर घर बांधलं, मासेमारी सुरू केली, पण बेटाची आडवळणाची बोली त्याला पुन्हा कधी आलीच नाही. माणूस जे बोलतो तेच त्याच्या मनात असतं, अशी त्याची समजूत होती. वडील गेले तेव्हा एरास्मोनेच निरोप वाचला होता: वडील नाजूक आहेत. नोल्बेर्तोने लाँचवाल्याकडून उत्तर पाठवलं: त्यांना जपा म्हणावं, जाळी ओढून शनिवारी येतो. शनिवारी तो सागरी खेकड्यांची टोपली घेऊन आला, कारण बापाला खेकडे आवडायचे. बापावर माती पडून दोन दिवस झाले होते. त्या दिवशी दोन्या क्लोरिंदा सगळ्यांसमोर त्याला काय काय बोलली ते बेटावर अजून सांगतात, प्रत्येक जण वेगळं. तेव्हापासून त्याने केनावेत पाऊल टाकलं नव्हतं. त्याच्या चुलीचा धूर मात्र ह्या घराच्या खिडकीतून रोज दिसायचा.

तेव्हापासून एरास्मोने हा शब्द रेडिओवरून हद्दपार करायचा चंगच बांधला होता. पण ज्यांच्या घरात मयत झालं आहे त्यांच्याशी कसला वाद घालणार? प्रत्येक वेळी त्यांनी म्हटलं, नाजूक, आणि प्रत्येक वेळी त्याने दात ओठ खात वाचलं.

"मी काय कमी निरोप धाडले?" दोन्या क्लोरिंदा म्हणाली. "तूच वाचलेस ना? बटाटे काढायला आलेत म्हटलं."

"हो. त्याने कळवलं, चांगलं झालं, यंदा पीक लवकर आलं."

"सफरचंदं झाडाखाली सडतायत म्हटलं."

"त्याने कळवलं, डुकरांना घाला."

"पडून आहे म्हटलं."

"विश्रांती घे म्हणाला. आणि शिंपल्यांचं पोतं धाडलं."

"दगड आहे दगड. बापावर गेलाय." तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "एरास्मो, माझ्या मयताला तो येणारच. आता त्याला तो शब्द कळतो. त्याला चांगला कळवलाय मी. कोट घालून येईल, इथे उभा राहील, सगळं गाव त्याला बघेल. किती वाळलाय, किती पिकलाय, सगळे बघतील. एकटी मीच बघणार नाही. मग माझा काय फायदा त्या येण्याचा?"

तिचा आवाज चढला नाही. सुरी मात्र थांबली होती. एदिताने त्याच्या हातात मातेचा पेला दिला, तो त्याने उगाच धरून ठेवला.

"मग सरळ म्हणा ना," तो अखेर म्हणाला. "मला तुला बघायचंय, ये. मी आत्ता वाचतो. एवढे दोन शब्द."

"मी? मी त्याला ये म्हणू?"

"आई आहात तुम्ही."

"आई आहे म्हणूनच. लोकांना ये म्हणतात, फिस्कालला म्हणतात, डॉक्टरला म्हणतात. पोटच्या पोराला रेडिओवरून ये म्हणायची वेळ आली तर मग खरंच मेलेली बरी. दार कुणी लावलंय का? उघडंच आहे."

सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. एरास्मो न प्यायलेला माते खाली ठेवून उठला.

"नाजूक म्हण," ती पाठीमागून म्हणाली. "नाहीतर काहीच म्हणू नकोस."

*

दुपारचे निरोप वाचायला बसला तेव्हा त्याचं डोकं भणभणत होतं. सुलेमाचं डुक्कर सापडलं होतं, तिच्याच पलंगाखाली. हे त्याने वाचलं. एकाला पत्र्याचे खिळे हवे होते, हेही वाचलं. मग चिठ्ठ्या संपल्या, आणि तो माइकसमोर तसाच बसून राहिला. खिडकीतून खाडी दिसत होती, करडी, पावसाने सारवलेली. पलीकडे कोयुमवर एक धूर होता.

काय झालं कुणास ठाऊक, त्याने टेप लावण्याऐवजी माइकच तोंडाशी ओढला.

"कोयुमच्या नोल्बेर्तो मान्सियासाठी निरोप," तो म्हणाला. "तुझी आई दोन्या क्लोरिंदा जिवंत आहे. ठणठणीत आहे. मी आत्ता डोळ्यांनी बघून आलोय. बटाटे सोलत बसलीय. ती नाजूक नाही. पुन्हा सांगतो, नाजूक नाही, पडूनही नाही. तिला तुला बघायचंय. तिने तुला बोलावलंय. ये."

त्याने माइक बंद केला.

"तिने बोलावलंय?" खालून ओर्तेन्सियाने विचारलं. "क्लोरिंदाने?"

एरास्मोने वॉल्ट्झ लावला. त्याच्या केंद्रावरून आजवर गाई चुकल्या होत्या, कान चुकले होते, पण कुणाच्या तोंडी न बोललेला शब्द त्याने कधी घातला नव्हता. वॉल्ट्झ संपायच्या आत चर्चची घंटा वाजायला लागली. सावकाश, एकेक ठोका, मयताची.

तो जिना उतरून धावत खाली आला. ओर्तेन्सियाने काळी शाल घेतली होती आणि ती भाकरी फडक्यात बांधत होती.

"तू कुठे निघालीस?"

"क्लोरिंदाकडे. बिचारी."

"ती जिवंत आहे. आत्ताच सांगितलं ना मी, साऱ्या जगाला."

"ऐकलं रे." तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. "चांगलं सांगितलंस. फार हळुवार सांगितलंस."

*

दोन्या क्लोरिंदाच्या अंगणात एरास्मो पोचला तोवर निम्मं गाव जमलं होतं. पाद्री वर्षातून दोनदाच बेटावर यायचा. एरवी बाप्तिस्म्यापासून मयतापर्यंत सगळं फिस्काल दोनातो उरकायचा. तो मेणबत्त्या आणि प्रार्थनेचं पुस्तक घेऊन दारात उभा होता. सुलेमाने अर्धं डुक्कर आणलं होतं. ते तेच होतं का, हे विचारायचं धैर्य एरास्मोला झालं नाही.

"ती जिवंत आहे," तो प्रत्येकाला सांगत होता. पालथ्या घड्यावर पाणी. बायका त्याच्याकडे डोळे पुसत बघत होत्या.

"'बटाटे सोलत बसलीय' म्हणालास ना," सुलेमा म्हणाली, "तिथे मला भडभडून आलं. कायम बटाटेच सोलले हो त्या बाईने."

"ती अजूनही सोलतेय, सुलेमा."

"हो रे. तिकडेही सोलत असेल."

एरास्मोने फिस्कालला बाजूला सारलं आणि दार सताड उघडलं. आत दोन्या क्लोरिंदा चुलीशेजारी टोपली घेऊन बसली होती. लोकांची रडारड दारातच थबकली. फिस्काल दोनातोने घाईघाईने मेणबत्त्या कोटाच्या खिशात कोंबल्या.

"या," दोन्या क्लोरिंदा म्हणाली. "बसा. माझंच मयत आणि मला विचारायला कुणी आलं नाही."

मग सगळे एरास्मोवर उलटले. फिस्काल सर्वांत पुढे.

"घंटा वाजवली मी. माणसं डोंगरावरून उतरली. तू नाजूक नाही असं का म्हणालास?"

"कारण ती नाजूक नाही."

"नसेल तर बोलायचंच कशाला? मी नाजूक नाही हे तू रोज सांगतोस का? तुझी ओर्तेन्सिया नाजूक नाही हे कधी सांगितलंस? माणूस धडधाकट आहे असं रेडिओवरून शपथेवर सांगायची वेळ कधी येते?"

"आणि वर 'पुन्हा सांगतो' म्हणालास," सुलेमा म्हणाली. "दोनदा सांगितल्यावर कुणाला शंका राहील?"

हे यंत्र उद्या खाडीत बुडवायचं, असं एरास्मोने त्या क्षणी ठरवून टाकलं. खरं बोलावं तर ही गत. गप्प बसला असता तर निदान डुक्कर तरी वाचलं असतं.

लोक परत मात्र गेले नाहीत. भाकऱ्या आणल्या होत्या, चूल पेटलेली होती, पाऊसही होता. कुणीतरी सफरचंदाच्या दारूची घागर काढली. दोन्या क्लोरिंदा कुणाशी बोलत नव्हती. ती खिडकीकडे बघत होती. एरास्मो तिच्या शेजारी जाऊन बसला.

"मी ते शेवटचं..." तो हळूच म्हणाला.

"ऐकलं मी."

"वाईट वाटलं असेल तर—"

"गप्प बस. होडी येतेय."

एदिता खिडकीशी धावली. नोल्बेर्तोची पिवळी होडी धक्क्याला लागत होती. सगळ्यांच्या मनात तेच आलं: बापाच्या वेळी उशिरा आला म्हणून शिव्या खाल्लेला माणूस आज सगळं टाकून मयताला आलाय, आणि मयत चुलीशेजारी बसलंय. फिस्कालने एरास्मोकडे असं बघितलं की आता तूच निस्तर. सुलेमाने रुमाल तोंडाला लावला. ह्या वेळी हसू दाबायला की रडू, सांगता येत नव्हतं.

पायवाटेने बूट चिखलात फचफचत वर आले. नोल्बेर्तो उंबऱ्याशी थांबला.

त्याच्या अंगात कोट नव्हता. रोजची रबरी विजार, कोपरावर फाटलेला स्वेटर, बाह्यांना माशांचे खवले चिकटलेले. काळ्या कपड्यांतली सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. त्याने सगळ्यांकडे बघितलं आणि टोपी काढली.

"कोण गेलं?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

एरास्मोने डोळे मिटून घेतले. दोन्ही बेटांवर मिळून एका माणसाने त्याचा निरोप, तो सांगितला होता तसा, ऐकला होता.

"मयताला असल्या कपड्यांत येतात?" दोन्या क्लोरिंदा म्हणाली.

"कुणाच्या मयताला?"

"माझ्या."

"तू ठणठणीत आहेस," नोल्बेर्तो म्हणाला. "रेडिओवर सांगितलं."

तो बराच पिकला होता. गालफडं वर आली होती. दोन्या क्लोरिंदा त्याला वरपासून खालपर्यंत बघत होती, आणि पुन्हा खालपासून वर. तिला घाई नव्हती.

"बटाटे काढायला आले, असं कळवलं होतं," ती म्हणाली. "सफरचंदं सडतायत, असंही कळवलं. पडून आहे, हेसुद्धा."

"ऐकलं. रोज ऐकतो मी. बॅटरी संपली की शेजाऱ्याकडे जाऊन ऐकतो."

"मग?"

नोल्बेर्तोने टोपी हातात फिरवली. त्याला जमलेल्या माणसांचा संकोच वाटत होता, पण आईने विचारलं होतं आणि त्याला दुसरं काही बोलता येत नव्हतं.

"बाबांच्या वेळी तू म्हणालीस, मी बोलावल्याशिवाय ह्या घरात यायचं नाही. म्हणून वाट बघत होतो."

एदिताने हातातला पेला खाली ठेवला.

"आज बोलावलंस ना?" त्याने विचारलं. "रेडिओवर तसं म्हणाले. का त्यांनी आपल्या मनाचं सांगितलं?"

दोन्या क्लोरिंदाने मान वळवून एरास्मोकडे बघितलं. एरास्मो जमिनीकडे बघत होता. त्याने बोलायला तोंड उघडलं. खरं ते सांगून टाकावं, म्हणजे एकदाचं संपेल. तिने बटाटे सोलून ओला झालेला हात त्याच्या गुडघ्यावर दाबला, आणि तो गप्प बसला.

नोल्बेर्तो अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता. पावसाचं पाणी त्याच्या केसांवरून ओघळत होतं.

"ये," ती म्हणाली. तिला तो शब्द जड गेला. म्हणून तिने तो पुन्हा म्हटला. "नोल्बेर्तो, आत ये."